पत्रा वाऱ्याने गेला की गंजाने?

[दृश्य: माळावर पसरलेले वाकडे पत्रे. मागे छप्पर नसलेल्या भिंती.]

एप्रिल-मेमध्ये वडूज-दहिवडीपासून खाली आटपाडी-जतपर्यंत वळीव येतो, तेव्हा पावसाच्या आधी वारा येतो. सर पडते घटकाभर, पण तोवर पत्रे माळावर गेलेले असतात. वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. पुढच्या उघड्या पडवीतून आत शिरून तो खालून रेटतो आणि त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो. ही ओढ वळचणीला आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असते, त्यामुळे बहुतेक वेळा आधी कडेचा पत्रा सुटतो. मग वाऱ्याला आत शिरायला वाटच मोकळी होते.

विमा कंपनीशी वारा आला होता की नाही यावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो पत्रा वाऱ्याने गेला की गंजून आधीच सुटायला आला होता, यावर. घराच्या पॉलिसीत वादळ धरलेलं असतं, झीज धरलेली नसते. याचा पुरावा छपरावर असतो आणि आवराआवरीत तोच पहिला भंगारात जातो.

[दृश्य: अगदी जवळून, पत्र्याचं एक भोक. शेजारी मोजपट्टी.]

हे भोक पाहा. जे-हुकाने, म्हणजे J आकाराच्या वाकड्या हुकाने, पत्रा खालच्या पाईपला धरलेला होता. भोक एका बाजूला लांबट फाटलंय, कडा आतून चकचकीत आहेत, पत्रा वर वळलाय. हा ओढीने फाटला. आता दुसरं भोक. गोलच आहे, पण गंजाने रुंद झालंय, वॉशर जागेवर नाही, भोवती तपकिरी कडं. हा वारा नसता तरी पुढच्या पावसाळ्यात गळलाच असता. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, नेमकं हेच बघतो. पाटण-जावळीकडच्या कौलारू घरात फुटलेल्या कौलाची कड बघायची: ताजी फूट लालभडक असते, जुन्या फुटीवर काळपट थर आणि शेवाळ.

म्हणून फोटो तीन अंतरांवरून घ्या. लांबून घर आणि आजूबाजूची पडझड, मधल्या अंतरावरून छपराची प्रत्येक बाजू, आणि जवळून भोकं, तुटलेले हुक, वाकलेले पाईप. उडालेला पत्रा जिथे पडला तिथेच आधी फोटो, मग उचलणं. हुक आणि वॉशर एका डब्यात ठेवा. भंगारवाला दारात आला तरी सर्व्हे होईपर्यंत पत्रे विकू नका; कंपनी भंगाराची किंमत भरपाईतून वजा धरते, आणि माल जागेवर नसेल तर किती पत्रे गेले हेच सिद्ध होत नाही.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी घराची पॉलिसी. तिच्यात दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सर्व्हेअर येईपर्यंत घर उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाही. ताडपत्री टाका, दोर बांधा, बिल ठेवा. फक्त नवे पत्रे ठोकू नका.

[दृश्य: चावडीत पंचनाम्याचा कागद.]

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी. तो दाव्याला उपयोगी पडतो, पण पंचनामा झाला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. आणखी एक अडचण: पंचनाम्यात १२ पत्रे आणि दाव्यात २०, असं झालं की फाईल तिथेच अडते. सही करण्याआधी आकडे वाचा. शक्य तर महावेध प्रकल्पाच्या तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची वाऱ्याची नोंदही मिळवा. मात्र वळवाचा झोत अरुंद असतो. केंद्र काही किलोमीटर लांब असेल तर तिथे वारा कमी दिसू शकतो. अशा वेळी शेजारच्या घरांचे पंचनामे आणि पडलेल्या विजेच्या खांबांचे फोटो जास्त बोलतात.

आता अंदाजपत्रक. "छप्पर दुरुस्ती, एकूण ८५ हजार" अशी वेल्डरची चिठ्ठी निम्मी तरी कापली जाणार हे धरून चाला. पत्र्याची लांबी, जाडी, साधा की रंगीत, नग किती, पाईप कोणत्या मापाचा, किती फूट, स्क्रू, वॉशर, कोना, मजुरी वेगळी, राडारोडा उचलणं वेगळं. कौलं असतील तर ब्रासला (१०० चौरस फुटांना) साधारण दीडशे मंगलोरी धरा, म्हणजे सहा ब्रासच्या छपराला नऊशेच्या आसपास, आणि वासे-रिपा स्वतंत्र ओळीत. कौलं काढून पत्रा टाकायचा असेल तर खुशाल टाका, पण भरपाई जे होतं त्याच्या हिशेबाने मिळते. भारत गृह रक्षात राडारोड्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम धरलेली असते; मागितली नाही तर कुणी आठवण करून देत नाही.

पाण्याची बसवलेली टाकी, सोलर, पडवी, कंपाउंडची भिंत घराच्या बांधकामातच धरतात. गोठ्याचं तसं नाही. आवारातली जोडबांधकामं राहण्यासाठी वापरात असावी लागतात, तेव्हा पॉलिसी घेतानाच गोठ्याचं विचारून ठेवा. भिजलेला टीव्ही, गाद्या, फ्रिज यांचे पैसे घरातल्या सामानाचाही विमा असेल तरच. छप्पर गेल्यावर सात दिवसांत घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते, पण शेतात उडालेले पत्रे कुणी नेले तर ते बाहेरचे म्हणून नाही.

गृहकर्जासोबत बँकेने उतरवलेली पॉलिसी असेल तर एकदा उघडून बघाच. विम्याची रक्कम अनेकदा कर्जाएवढीच असते आणि भरपाई आधी बँकेकडे जाते. गावाकडे दुसरी गाठ नावाची: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा वडिलांच्या नावावर, पॉलिसी मुलाच्या. ही गाठ वळवाआधी सोडवायची, नंतर नाही.

सर्व्हेअर आला की स्वतः हजर राहा, शिडी तयार ठेवा. छपरावर न चढता केलेला सर्व्हे असेल तर तसं त्याच दिवशी कंपनीला ई-मेलने कळवा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं कलम कोणतं ते विचारा. "झीज" असं एका शब्दात उत्तर आलं तर डब्यातले हुक आणि भोकांचे फोटो पुढे करायची वेळ तीच.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी; सातारा-सांगलीसाठी कार्यालय पुण्याला. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, आणि अर्ज स्वतःच करायचा असतो, वकिलामार्फत नाही.