कुरतडलेल्या पानाची बाजू

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर 'पानांचे क्लोजअप : तंत्र आणि साधनं' असं छापलंय. तंत्राकडे येतोच. पण त्याआधी मला थोडं भांडायचंय, आणि रविवारचा मेगाब्लॉक असूनही इथवर आलात म्हणजे ऐकून घ्याल असं धरून चालतो.

आपल्याकडे पानाचा फोटो म्हणजे कसा? पान हिरवंगार, कडा शाबूत, डाग नाही, वर मोत्यासारखे थेंब. हे थेंब कुठून येतात ते आपल्याला माहीत आहे. बॅगेत स्प्रेची बाटली असते. त्यात ग्लिसरीन घातलं की थेंब ओघळतही नाही. भर जुलैत, आरेच्या पावसात, पानावर बाटलीतलं पाणी मारणारे लोक मी पाहिलेत. हसू नका, त्यातले दोघं इथेच बसलेत.

माझा राग कुठून आला ते सांगतो. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर बोगनवेल आहे. एका वर्षी तिच्या पानांच्या कडेला अर्धगोल काप दिसायला लागले. पंचिंग मशीननं पाडावेत इतके स्वच्छ. सेक्रेटरी म्हणाले, कीड लागली, औषध मारू. मी म्हटलं, जरा थांबा, कोण करतंय ते तरी बघू. ती निघाली लीफकटर मधमाशी. ही बाई पान खात नाही. काही सेकंदांत तुकडा कापते, पोटाखाली धरते आणि उडते. एखाद्या पोकळ काडीत किंवा भोकात त्या तुकड्यांची नळी वळते, आत पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि तोंड बंद करते. भिंतीला लांबट तुकडे, झाकणाला गोल. एकाच पानावर दोन्ही मापं सापडतात! मंगलदास मार्केटातून आणलेलं कापड असं बेतून कापणारा शिंपी आता मुंबईत मिळत नाही.

त्या पानाचा फोटो मी एका स्पर्धेत दिला. कुठली, ते विचारू नका. परीक्षकांचा शेरा आला : 'प्रकाश उत्तम. पान मात्र चांगले निवडायला हवे होते.' म्हणजे ज्या कापासाठी फोटो काढला, तोच दोष! निकालाच्या दिवशी भेटून समजावायला गेलो, तर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये कडा भरून काढता येते की. औषध तेवढं मारलं गेलं नाही. सेक्रेटरींच्या नातीला ती माशी आवडली, त्यापुढे माझ्या वक्तृत्वाची गरज पडली नाही.

आता तुमच्या खिडकीतला कुंडीतला लिंबू घ्या. पानावर चंदेरी नागमोडी रेघ असते ना? अळी पानाच्या सालीखाली राहून खात पुढे सरकते. रेघ जिथे बारीक तिथे अळी लहान होती, रुंद होत गेली तशी ती वाढली. मधली काळसर ओळ म्हणजे तिची विष्ठा. अख्खं बालपण एका पानावर, आणि आपण ते पान खुडून मागचं 'चांगलं' पान टिपतो.

उद्यानांतल्या वॉचमनबद्दलही बोलायचं होतं. मोबाइलवर लग्नाचं अख्खं शूटिंग चालतं, पण मोठी लेन्स काढली की 'परमिशन आहे का?'. मात्र चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. बरं. तंत्र.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सनं वन इज टू वन, म्हणजे सेन्सरवर पान खऱ्या मापाचं येईल असं घेतलंत, तर एफ ८ ॲपर्चरला (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर खोली धारदार येते. एफ १६ ला सुमारे २. त्यापुढे ॲपर्चर बंद करत गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. म्हणून सेन्सर पानाला समांतर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं फोकस स्टॅकिंगनं, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो एकत्र जोडून, पण वारा असेल तर तो नाद सोडा. वारा सकाळी कमी असतो, म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंढ्याच्या वाटेवर लवकर जा.

शिरा हव्या असतील तर उजेड पानामागून घ्या. मार्चमध्ये कोशिंबाची लाल पालवी अशी बघाच. हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं आणि अँथोसायनिनचा लाल रंग उजेडात पेटतो. चकचकीत पानावर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लेन्सवर लावून फिरवा, पांढरी झाक जाते आणि खालचा रंग दिसतो. त्यात एक-दीड स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), वन इज टू वनला आधीच दोन गेलेले असतात, तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवायला लाजू नका. बोरिवलीच्या जंगलात पान तोडून घरी आणू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा कायदा आहे.

फ्लॅशचं राहिलं, चहाला विचारा. मागून प्रश्न आहे, मोबाइलवर होतं का? होतं. खिडकीतली कुंडी पुरते, मनगट कठड्याला टेकवा, फोन पानाला समांतर धरा आणि डिजिटल झूम करू नका. हं, पुढचा प्रश्न?