लोगो आधी, काम नंतर

रात्रीचे अकरा वाजलेत. अंधारात मोबाइलचा उजेड, आणि जॉब अ‍ॅपवर एक अंगठा भराभर खाली सरकतोय. चार जाहिराती नुसत्याच सरकवल्या, पाचवीवर थांबला, थोडं वाचलं न वाचलं आणि अप्लाय दाबून मोकळा. आता गंमत बघा, त्या सोडलेल्या चारातल्या दोन अगदी अशाच होत्या, तेच काम, तेवढाच अनुभव, कामाची यादी तर जवळपास शब्दाला शब्द. वेगळं काय होतं, तर कोपऱ्यातला लोगो.

कंपनीने माल विकायला नाव कमवायचं हे जुनंच आहे. पण तेच नाव माणसं ओढायलासुद्धा वापरता येतं, याला एम्प्लॉयर ब्रँड म्हणतात, आणि १९९६ मध्ये टिम अँबलर आणि सायमन बॅरो या दोघांनी याच नावाचा पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की नोकरीतून मिळणारा पगार, कामातून होणारा उपयोग आणि मनाला मिळणारं समाधान, या सगळ्याचं एक गाठोडं असतं, ते लोकांच्या डोक्यात कंपनीच्या नावाला चिकटलेलं असतं.

पण जाहिरात समोर असताना नावाकडे बघायचंच कशाला? कारण जाहिरातीत पाहिजे ते नसतंच हो! बॉस कसा आहे, सुट्टी मागितली की तोंड वाकडं होतं का, सहाला निघालं तर चालतं का, हे कोणी छापतं का? मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातल्या सिग्नलबद्दल, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या खुणांबद्दल लिहिलं, पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांचा मुद्दा कंपनीच्या बाजूने होता, उमेदवार आतून कसा आहे ते दिसत नाही म्हणून कंपनी त्याच्या शिक्षणाकडे बघते. आता हेच उलटं करा. उमेदवारालाही कंपनी आतून दिसत नाही, म्हणून तो जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो, लोगो, करिअर पेजवरचे हसरे फोटो, कोणीतरी कधीतरी टाकलेली पोस्ट.

आणि हा अंदाज फक्त पगाराचा नसतो. २००३ मध्ये फिलिप लिव्हेन्स आणि स्कॉट हायहाउस या संशोधकांनी बेल्जियममधल्या बँकांवर अभ्यास केला. बँकांमध्ये पगार, सोयी वगैरे बरंचसं सारखंच असतं, तर मग लोक फरक कशावरून करतात? तर माणसाला लावावेत तसे गुण ते बँकेला लावत होते, ही भरवशाची, ती नवीन काही करणारी. आणि बँका एकमेकींपासून वेगळ्या वाटत होत्या त्या पगारापेक्षा या गुणांमुळेच जास्त.

म्हणून जाहिरातीतल्या शब्दांना वजन येतं. २०११ च्या एका अभ्यासात जाहिरातींची भाषा तपासली होती, ‘वर्चस्व’, ‘स्पर्धा’ अशा थाटाचे शब्द भरलेल्या जाहिराती बायकांना कमी आवडल्या. हे काम आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं, तिथे आपल्यासारखं कोणी नसेल असं वाटत होतं. म्हणजे चार शब्दांवरून आख्खं ऑफिस डोळ्यासमोर उभं राहतं.

आणि मग ते ठरलेलं वाक्य, ‘आम्ही एक कुटुंब आहोत’. खरं सांगायचं तर हे वाचून माझा अंगठा आपोआप पुढे सरकतो. सगळेच कुटुंब असतील तर त्यातून कळलं काय?

मोठ्या नावाला एक सवलत मिळते, पगार लिहिला नाही तरी अर्ज येतात, लोक म्हणतात एवढी मोठी कंपनी आहे, देत असेल चांगलाच. तेच कोणी न ऐकलेल्या कंपनीने पगार लपवला की लगेच शंका, काहीतरी गडबड असणार! माझ्या मते छोट्या कंपनीने आकडा सरळ लिहून टाकावा, नावाची उणीव भरून काढायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर २०२१ पासून जाहिरातीत पगाराची रेंज द्यावीच लागते, कंपनी मोठी असो की छोटी. नावाचा उलटाही परिणाम होतो बरं का, तिथे आपल्याला कोण घेणार म्हणून लायक माणूससुद्धा अप्लाय करत नाही, आणि ज्याचा कामाशी संबंध नाही तो नुसतं नाव बघून अर्ज टाकतो.

आता ब्रँड एकट्या कंपनीच्या हातात राहिलेला नाही. २००८ मध्ये ग्लासडोर ही कंपन्यांच्या रिव्ह्यूंची वेबसाइट सुरू झाली आणि आत काम करणारे नाव न सांगता लिहायला लागले. जाहिरात एका टॅबमध्ये, रिव्ह्यू दुसऱ्या टॅबमध्ये. तिथे एक-दोन रागावलेले लोक असतातच, त्यांचं कोणी एवढं मनावर घेत नाही, पण दहा जणांनी एकच तक्रार लिहिलीय आणि खाली एचआरचं तेच कॉपी-पेस्ट उत्तर दहा वेळा, हे बघितलं की संपलं.

मग खरं सांगितलं तर माणसं पळून जातील का? जॉन वानस या संशोधकाने १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या बायकांना दोन वेगवेगळ्या फिल्म दाखवल्या, काहींना नेहमीची गोडगोड, काहींना कामातला कंटाळाही दाखवणारी. दुसरी फिल्म बघणाऱ्यांनी नोकरी काही जास्त नाकारली नाही, आणि पुढे सोडून जायचा विचार त्यांच्या मनात कमी आला.

साडेअकरा झाले. अंगठा परत वर गेलाय, सोडून दिलेल्या त्या दोनातली एक आता उघडलीय. लोगो अनोळखी आहे, पण पगार लिहिलाय, आणि खाली एक ओळ आहे, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबावं लागतं.