जाळीमागची माणसं

(दृश्य : सकाळ. रिकामं मैदान. ओली जाळी.)

ओरेगनमधला फेब्रुवारीचा पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. दिवसभर नुसती झिमझिम. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर तासाभरात शर्ट अंगाला चिकटतो. कॉलेज बेसबॉलचा मोसम नेमका याच दिवसांत सुरू होतो.

हे कोर्व्हॅलिस, ओरेगन स्टेट विद्यापीठाचं गाव. आणि हे गॉस स्टेडियम. या जागेवर १९०७ सालापासून बेसबॉल खेळला जातोय. समोर होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा, तिच्यामागे ही जाळी, जाळीमागे या खुर्च्या. मैदान देखणं आहे, पण आमचा कॅमेरा पुन्हा पुन्हा या खुर्च्यांकडेच वळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

(दृश्य : स्टॉपवॉच धरलेला हात. चेहरा दिसत नाही.)

इथे स्काउट बसतात. व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणारी माणसं. या हाताच्या मालकाने चेहरा दाखवायला नकार दिला. आपण कुणाला बघायला आलोय हे दुसऱ्या संघाला कळू नये, एवढंच कारण. हात दाखवायला मात्र हरकत घेतली नाही. स्टॉपवॉचच्या बटणावरचा रंग पार उडालाय, बघा.

२०१९ च्या वसंतात या जाळीमागे अशा हातांचा राबता होता. मुलगा एकच : ॲडली रचमन. वय २१, जागा कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याची.

(दृश्य : धावफलक, मग जुनी छायाचित्रं.)

व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात ते ड्राफ्टमधून. ड्राफ्ट म्हटल्यावर आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर आणू नका. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, आणि तेव्हाचा नियम असा की गेल्या मोसमात ज्याची सर्वांत जास्त दैना झाली त्याची पाळी पहिली. २०१८ साली बाल्टिमोर ओरिओल्स १६२ पैकी ११५ सामने हरले होते. वर्गात शेवटून पहिला आल्याबद्दल मिळालेलं बक्षीस म्हणा हवं तर.

हा फोटो शेरवुडचा, रचमनच्या गावचा. आजोबांचं नाव ॲड रचमन. मॅकमिनव्हिलच्या लिनफिल्ड कॉलेजात प्रशिक्षक असताना त्यांनी फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि बेसबॉल, दोन्ही खेळांत राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. वडीलही कॅचर घडवणारे. इतकं सगळं घरात असून २०१६ साली शाळा संपल्यावर सिॲटल मरिनर्सने याला निवडलं ते चाळिसाव्या फेरीत. तेव्हा फेऱ्याच चाळीस होत्या. पंगतीतलं शेवटचं पान. तो त्या पानावर बसलाच नाही, कॉलेजात आला.

पहिल्या वर्षी तो विद्यापीठाच्या फुटबॉल संघातही होता, किकर म्हणून. किकरने चेंडूला लाथ मारायची आणि पुढच्या धुमश्चक्रीपासून शक्यतो लांब राहायचं, अशी रीत. या पठ्ठ्याने स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीला गाठून खाली पाडलं. मॅकॅफ्री तेव्हा कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. ती चित्रफीत स्काउटांनी कितीदा मागेपुढे करून पाहिली असेल, देव जाणे.

बेसबॉलमध्ये मात्र त्या वर्षी फलंदाजीची सरासरी अवघी .२३४, म्हणजे शंभर प्रयत्नांत चेंडू मारून बेस गाठला, हिट झाली, ती तेवीस-चोवीस वेळा. तेव्हा जाळीमागून बघणाऱ्यांनी वहीत काय लिहिलं असेल? बॅट जेमतेम, हात चांगले, पुन्हा येऊन बघायचं. असंच काहीतरी.

(दृश्य : सराव. कॅचर गुडघ्यांना पॅड बांधतोय.)

आता हा मुलगा. हा रचमन नव्हे. आज या संघात शिकणारा एक कॅचर. नाव राहू द्या. सरावाचं चित्रीकरण करू दिलं, एवढ्यावर आम्ही खूश आहोत.

कॅचर म्हणजे यष्टिरक्षक, असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले मात्र हसतील. बाकीचे आठ जण होम प्लेटकडे तोंड करून उभे असतात, हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. सगळं मैदान याच्यासमोर पसरलेलं. अंगावर चिलखत, उकिडवा बसून तीन तास. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू झेलायचा, जमिनीवर आपटला तर छातीने अडवायचा, आणि मध्येच पहिल्या बेसवरचा धावपटू दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या थांब्याकडे, धावला तर उठून फेकायचं.

(दृश्य : संथ गतीत फेक. मिट, मूठ, खांदा, दुसरा बेस.)

हे नीट बघा. चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये, आदळल्याचा आवाज येतो, तिथे घड्याळ सुरू. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये चेंडू शिरला, घड्याळ बंद. याला म्हणतात पॉप टाइम. मधलं अंतर १२७ फूट आणि वर जेमतेम तीन इंच, म्हणजे ३९ मीटरला थोडं कमी. व्यावसायिक कॅचरची सरासरी सुमारे २ सेकंद. १.९ म्हणजे उत्तम. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हलला तिथपासून चेंडू मिटमध्ये पोचेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात. दोन्ही मिळून ३.३. चोर त्याआधी पोचला तर तो सुटला.

आम्हीही मोबाईलवर मोजून पाहिलं. एकाच मुलाच्या लागोपाठच्या फेकी : १.७१, २.२४, १.८८. फरक त्याच्या खांद्यात नव्हता, आमच्या अंगठ्यात होता. शेवटी संकलकाने सेकंदाला साठ फ्रेम या हिशेबाने एकेक फ्रेम मोजली. ११७ फ्रेम निघाल्या. १.९५ सेकंद. शेजारच्या खुर्चीतल्या त्या हाताने तोच आकडा केव्हाच वहीत टिपला होता, आणि वर एक शब्द लिहिला होता : पाय. फेकीचा वेग हाताइतकाच पायांतून येतो. बसलेला माणूस उठून पावलं वळवतो तेवढ्यातच दशांश जातात किंवा वाचतात.

(दृश्य : वहीचं पान. आकडे : ४५, ५०, ६०.)

हे आकडे शंभरपैकी नाहीत. स्काउटांची मोजपट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला, सरासरी खेळाडू. ८० म्हणजे पिढीतून एखादा. प्रत्येक गुणाला दोन आकडे : आज काय आहे, आणि पुढे काय होईल. दुसरा आकडा लिहिताना पेन अडखळतं.

ही मोजपट्टी ब्रँच रिकी यांच्या नावावर सांगितली जाते. कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून बेसबॉलमधली वर्णाची भिंत फोडणारे, तेच रिकी. तरुणपणी ते स्वतः कॅचर होते, आणि १९०७ मध्ये एका सामन्यात त्यांच्यासमोरून प्रतिस्पर्ध्यांनी तेरा बेस चोरले होते. हे मैदान सुरू झालं त्याच वर्षी. दुखरा खांदा घेऊन खेळलेल्या माणसाला दुसऱ्याचा खांदा मोजायची गरज वाटली असेल, असा आमचा आपला एक अंदाज.

(दृश्य : एक गुडघा टेकून बसलेला कॅचर. मिटचा जवळून शॉट.)

पूर्वी कॅचर दोन्ही पायांवर उकिडवा बसायचा. आता बहुतेक जण एक गुडघा टेकतात. त्यामुळे खाली येणारा चेंडू अलगद वर उचलता येतो. मनगट बघा. चेंडू वैध पट्ट्याच्या बोटभर बाहेर होता, मिट थांबलं तेव्हा आत. पंचाने स्ट्राइक दिली, म्हणजे चेंडू वैध ठरवला. याला फ्रेमिंग म्हणतात. लबाडी म्हणा, कसब म्हणा. २०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, त्यामुळे या मनगटाचा भाव थोडा उतरेल असं बोलतात. वहीतला रकाना अजून आहे.

(दृश्य : मनगटावरची पट्टी, त्यावर आकड्यांचं कोष्टक.)

स्काउटांची खरी पंचाईत इथे होते. मेजर लीगमध्ये पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे ठरवण्यात कॅचरचा मोठा वाटा असतो. कॉलेजात ते बहुतेक ठिकाणी बाकावरचा प्रशिक्षक ठरवतो. तो आकडा सांगतो, मुलगा पट्टीवर बघतो, पिचरला खूण करतो. म्हणजे कॅचरचं डोकं कसं चालतं हे बघायला आलेल्या माणसाला प्रशिक्षकाचं डोकं बघायला मिळतं.

मग हे लोक काय बघतात? तर हे.

(दृश्य : पिचरला मार बसलाय. कॅचर मुखवटा डोक्यावर सरकवून त्याच्याकडे चालत जातो. आवाज नाही. पूर्ण शॉट चालू द्या.)

...

किती वेळात उठला. धावत गेला की चालत. बोलताना मिट तोंडासमोर धरला का. परत येताना पिचरचे खांदे खाली आले का. पुढचा चेंडू कुठे पडला. रचमनबद्दल जे बोललं गेलं त्यात बॅटइतकीच ही बाब होती, की पिचर त्याच्याकडे चेंडू टाकायला खूश असतात. या रकान्याला घड्याळ नाही. त्यासाठी त्याच खुर्चीत दहा वेळा येऊन बसावं लागतं, पावसात, थर्मासमधला गार झालेला चहा पीत. चहा आमचा. ते कॉफी पितात.

(दृश्य : बॅटिंगचा सराव. आधी डावा, मग उजवा.)

रचमन दोन्ही हातांनी खेळणारा, म्हणजे अहवालही दोन. शिवाय कॉलेजची बॅट धातूची, मेजर लीगची लाकडाची. २०११ पासून कॉलेजच्या धातूच्या बॅटींवर उसळीची मर्यादा आली, तरी लाकूड ते लाकूड. म्हणून स्काउट उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडला जातात. तिथे हीच कॉलेजची मुलं लाकडी बॅटने खेळतात, आणि धातूने झाकलेलं तिथे उघडं पडतं.

२०१८. ओमाहा. कॉलेज वर्ल्ड सिरीज, कॉलेजांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा. एकाच स्पर्धेत सतरा हिट, विक्रम. ओरेगन स्टेट विजेता, रचमन सर्वोत्कृष्ट खेळाडू. पुढच्या मोसमात सरासरी .४११, सतरा होमरन, आणि ७६ वेळा चार चेंडू बाहेर टाकून फुकटचा बेस. मे अखेरीस इथेच, सिनसिनाटीविरुद्ध, तिन्ही बेसवर ओरेगनचे खेळाडू असताना समोरच्यांनी त्याला जाणूनबुजून पहिला बेस दिला. म्हणजे एक धाव हातात आणून ठेवली, पण याला खेळू दिलं नाही. ते दृश्य आमच्याकडे नाही, मिळालं असतं तर चित्रपट तिथूनच सुरू केला असता.

एवढं सगळं दिसत असताना कुणाला शंका का यावी? कारण कॅचर.

(दृश्य : जुन्या कार्डांची रांग. एकेक कार्ड पुढे सरकतं.)

ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी न्यू यॉर्क मेट्सने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट हा शाळकरी कॅचर उचलला. खांदा दुखावला, मेजर लीगमध्ये एकही सामना नाही. त्याच्या पाठोपाठ निवडला गेलेला रेजी जॅक्सन मात्र हॉल ऑफ फेममध्ये. १९७० चा माइक आयव्ही : पिचरला चेंडू परत फेकणं, हे सर्वांत साधं काम, तेच त्याला जमेना, पहिल्या बेसवर हलवावं लागलं. डॅनी गुडविन १९७१ आणि १९७५, दोनदा पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला इतिहासातला एकमेव खेळाडू, आणि तोही कॅचर म्हणून उभा राहिला नाही. २००१ चा जो मावर तरला, नुसता तरला नाही, फलंदाजीची तीन अजिंक्यपदं घेऊन गेला. आणि २००८ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा बस्टर पोझी. कॉलेजात आला तेव्हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, दुसऱ्या वर्षी त्याच्या अंगावर कॅचरचं चिलखत चढवलं. तो पाचव्या क्रमांकापर्यंत उरला. सॅन फ्रान्सिस्कोने घेतला आणि पुढे तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अजिंक्यपदं, जिंकली. ज्यांनी त्याआधी दुसरी नावं पुकारली त्या चार संघांच्या जाळीमागेही माणसं बसलीच होती की.

(दृश्य : बंद दार. मग बाल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स, संध्याकाळ.)

ज्या खोलीत शेवटचा निर्णय झाला तिथे कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता. ३ जून २०१९ रोजी ओरिओल्सने पहिलं नाव पुकारलं : ॲडली रचमन. करार ८१ लाख डॉलरचा, ड्राफ्टमधल्या खेळाडूसाठी तोवरचा विक्रमी. कोविडने एक मोसम खाल्ला, २१ मे २०२२ ला तो मेजर लीगमध्ये उतरला, आणि २०२३ मध्ये तोच रडका संघ १०१ सामने जिंकला. पुढे दुखापती, चढउतार, ते चालूच आहे.

(दृश्य : पुन्हा गॉस स्टेडियम. संध्याकाळ. खुर्च्या.)

या खुर्च्यांपैकी काही आता रिकाम्या असतात. कोविडच्या काळात बऱ्याच संघांनी स्काउट कमी केले. मैदानाभोवतीचे कॅमेरे आज चेंडूची फिरकी मोजतात, फेकीचा वेग मोजतात, पॉप टाइम तर अचूक मोजतात. आमच्या अंगठ्यापेक्षा नक्कीच. विमानाचं तिकीट आणि मोटेलची खोली वाचते. हिशेब बरोबर आहे, नाही कोण म्हणतो? तरी पिचरकडे चालत जाणाऱ्या मुलाचा तो शॉट आम्ही संकलनाच्या टेबलावर चाळीसएक वेळा पाहिला, आणि त्याचे खांदे खाली आले होते की नाही यावर अजून आमच्यात एकमत नाही.

(दृश्य : कॅचर पॅड सोडतोय. मागे जाळीपलीकडे तो हात.)

सराव संपला. मुलगा पॅड सोडतोय. डाव्या तळहाताची तर्जनी सुजून लाल झालीये, ती तो दोनदा झटकतो. जाळीपलीकडे वही मिटलेली नाही. हाताने घड्याळ खिशात टाकलं, वही गुडघ्यावर उघडी ठेवली, आणि मुलगा बॅग कशी भरतो ते बघत बसला.

(पडदा काळा. जाळीवरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज.)