पाच नंबरच्या खोलीतला भाडेकरू

नमस्कार श्रोतेहो.

जपानी ॲनिमे म्हटलं की आजच्या मुलांना तलवारी, राक्षस आणि आरोळ्या मारत हवेत झेपावणारे वीर आठवतात. त्यांच्या आईवडिलांना नुसतंच 'कार्टून' आठवतं. आज ज्या मालिकेबद्दल बोलणार आहे, तिच्यात या दोघांच्याही ओळखीचं फारसं काही नाही. टोकियोच्या एका उपनगरातलं मोडकळीला आलेलं दुमजली लाकडी घर, वर बंद पडलेलं मोठं घड्याळ, आत चक्रम भाडेकरू, आणि त्या घराची देखभाल करायला आलेली एक तरुण विधवा. मालिकेचं नाव 'मेझाँ इक्कोकू'. मार्च १९८६ ते मार्च १९८८ अशी दोन वर्षं ती फुजी टीव्हीवर दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला लागायची. एकूण ९६ भाग. मला ती फार उशिरा सापडली. कुणी सांगितलं म्हणून सहज लावली आणि मग कितीतरी रात्री झोपेचं खोबरं झालं.

मूळ कथा रुमिको ताकाहाशी यांची. त्या १९५७ साली निइगाता इथे जन्मल्या. 'बिग कॉमिक स्पिरिट्स' हे नियतकालिक १९८० साली निघालं, तेव्हा पहिल्याच अंकापासून त्यांची ही चित्रकथा त्यात सुरू झाली आणि १९८७ पर्यंत चालली. हे नियतकालिक शाळकरी मुलांसाठी नव्हतं, नोकरदार तरुणांसाठी होतं. म्हणून तर गोष्टीत भाडं थकतं, दारू चढते, नोकरी मिळत नाही. त्याच काळात ताकाहाशीबाई दुसरीकडे 'उरुसेई यात्सुरा' लिहीत होत्या, परग्रहावरच्या मुलीची धमाल गोष्ट. एक हात आकाशात आणि एक हात भाड्याच्या खोलीत, असा त्यांचा कारभार. पुढे 'उरुसेई यात्सुरा'ची टीव्ही मालिका संपली, आणि तिच्याच जागेवर 'मेझाँ इक्कोकू' लागली.

आता गोष्ट. युसाकू गोदाई हा पाच नंबरच्या खोलीतला भाडेकरू. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारीला लागलेला. अभ्यास करायला बसला की शेजारी त्याच्याच खोलीत बाटल्या घेऊन मैफल जमवतात. एक नंबरच्या इचिनोसेबाई हातात पंखे घेऊन नाचायला लागतात. सहा नंबरची आकेमी पारदर्शक कपड्यांत येऊन बसते. आणि चार नंबरचे योत्सुयासान, ते काय काम करतात हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही, ते भिंतीला भगदाड पाडून थेट आत येतात आणि गोदाईच्या ताटातलं खातात. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वैतागलेला गोदाई सामान बांधून निघतो, आणि नेमक्या त्याच वेळी दारात नवी व्यवस्थापक येऊन उभी राहते. क्योको ओतोनाशी. त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी. सोबत एक पांढरा, गलेलठ्ठ कुत्रा. सामान पुन्हा खोलीत जातं, हे सांगायला नकोच.

त्या कुत्र्याचं नाव सोइचिरो. क्योकोच्या नवऱ्याचं नावही सोइचिरो. ती शाळेत असताना तो तिथे भूविज्ञान शिकवायचा. शाळा संपताच तिनं हट्टानं त्याच्याशी लग्न केलं आणि वर्षाच्या आत तो वारला. मालिकेत त्याचा चेहरा आपल्याला एकदाही धड दिसत नाही. फोटो असला तरी त्यावर सावली पडलेली असते. माझ्या मते सगळ्या मालिकेतली ही सगळ्यांत हुशारीची गोष्ट. गोदाईला एक उघड प्रतिस्पर्धी आहेच, टेनिस शिकवणारा मिताका. श्रीमंत, देखणा, हसला की दात चमकतात. त्याच्याशी निदान चढाओढ तरी करता येते, आणि तो कुत्र्यांना घाबरतो, म्हणजे अर्धी लढाई सोइचिरोच जिंकून देतो. पण जो माणूस मेला आहे, ज्याचा चेहराही दिसत नाही, जो आता म्हातारा होणार नाही की चुकणारही नाही, त्याच्याशी कसं लढायचं?

म्हणून ही प्रेमकथा इतकी लांबते. काही जण म्हणतात, उगाच पाणी घातलंय. मला तसं वाटत नाही. निदान सगळीकडे तरी नाही. नवं माणूस आवडायला लागलं की क्योकोला आपण आधीचं खोटं ठरवतोय असं वाटतं, आणि त्या अपराधी भावनेतून बाहेर यायला तिला जितकी वर्षं लागतात, तितकी ताकाहाशीबाई तिला देतात. मूळ चित्रकथा साडेसहा वर्षं चालली आणि कथेतला काळही जवळपास तेवढाच पुढे सरकतो. दरम्यान सासरे, ज्यांच्या मालकीचं ते घर, तेच तिला सांगत राहतात की पोरी, तू तुझा नवा संसार मांड. तिचे आईवडीलही मागे लागलेले. सगळ्यांची परवानगी आहे, अडलंय ते फक्त तिचं.

आणि तरीही ही विनोदी मालिका आहे, बरं का. क्योको सोज्वळ बाहुली नाही. ती जबरदस्त मत्सरी आहे आणि आपण मत्सरी आहोत हे ती मरेस्तोवर कबूल करणार नाही. पिल्लाचं चित्र असलेला एप्रन घालून ती अंगण झाडत असते. गोदाईला कोझुए नावाच्या मुलीचा फोन आलेला असतो. घरात फोन एकच, आणि तो उचलायचा बहुतेक वेळा क्योकोनंच. "गोदाईसान, तुमचा फोन," एवढंच ती म्हणते, अगदी नम्रपणे. पण त्यानंतर झाडू असा काही चालतो की अंगणातल्या मातीनं काय घोडं मारलंय असं वाटावं. सुमी शिमामोतो यांनी तिला आवाज दिला आहे, ज्यांनी १९८४ साली 'नाउसिका' या ॲनिमे चित्रपटाच्या नायिकेलाही दिला होता. एकच "हो का?" त्या किती तऱ्हांनी म्हणतात, ते मुद्दाम कान देऊन ऐका. जपानी येत नसलं तरी कळतं.

गोदाईही तसाच. तोंडावर तो तिला कायम 'व्यवस्थापकबाई' म्हणणार. तिचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतो ते दारू पिऊन, भर रस्त्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारून: ऐका हो ऐका, मला क्योकोसान आवडतात! मग सगळ्यांदेखत तिला उचलून घरात नेतो आणि तिथेच ढाराढूर झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही, बाकी सगळ्यांना सगळं आठवतं.

मिताकाच्या वाट्याचा एक फार्स तर अफलातून आहे. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी अर्धा मिनिट आवाज कमी करा. कुत्र्यांची भीती घालवायला मिताका स्वतःच एक कुत्रा पाळतो, नाव मॅकेन्रो. घरच्यांनी त्याच्यासाठी पाहिलेली आसुना हीसुद्धा कुत्र्यांच्या गोतावळ्यात राहणारी. पुढे 'दिवस गेलेत' अशी बातमी मिताकाच्या कानावर येते. तो समजतो आसुनाला, आणि सभ्य माणूस असल्यामुळे लग्नाला उभा राहतो. दिवस गेलेले असतात आसुनाच्या कुत्रीला, मॅकेन्रोच्या कृपेनं.

उणिवा आहेत. मधल्या तीसेक भागांत तोच गैरसमज कपडे बदलून पुन्हा येतो. आपण पडद्याकडे बघून ओरडतो, अरे बाबा, सरळ विचार ना तिला! शेजाऱ्यांचा छळ कधीकधी विनोद राहत नाही. दिग्दर्शकही दोनदा बदलले: आधी काझुओ यामाझाकी, मग ताकाशी आन्नो, शेवटी नाओयुकी योशिनागा. त्यामुळे पोत बदलतो. सत्ताविसाव्या भागापासून पात्रांची रेखाटनं आकेमी ताकादा यांच्याकडे आली आणि क्योकोचा चेहरा जरा शांत, जरा प्रौढ झाला. गोष्टीला तो बदल मानवला.

मला खरं तर नंतरचा गोदाई जास्त आवडतो. पदवी मिळते, नोकरी मिळते, आणि रुजू होण्याआधीच कंपनी बुडते. मग तो पाळणाघरात मुलं सांभाळतो, तिथून कपात झाल्यावर एका कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळतो. हे काम जपानात तेव्हा बायकांचंच मानलं जायचं. तो त्याची परीक्षा देतो, नापास होतो, परत देतो. नायिकेला जिंकण्यासाठी नायकानं मुलांची नाकं पुसावीत, असं मी त्या काळातल्या प्रेमकथांमध्ये फारसं पाहिलेलं नाही. आणि सोइचिरोचं काय करायचं, याचं उत्तरही त्यालाच सापडतं. तो त्याच्या थडग्यासमोर उभा राहून सांगतो, तुझ्यासकट मी क्योकोला स्वीकारतो. क्योकोचीही एक अट असते. एक दिवस का होईना, माझ्यापेक्षा जास्त जग.

बघायची असेल तर जपानी आवाजात आणि उपशीर्षकांसह बघा. पहिल्या चार-पाच भागांत शेजाऱ्यांनी डोकं उठवलं तरी सोडू नका. आणि चोविसाव्या भागाला सुरुवातीचं गाणं एकदम इंग्रजी ऐकू आलं तर दुसरंच काही लागलं असं समजू नका. त्या एका भागापुरतं गिल्बर्ट ओसलिवन यांचं 'अलोन अगेन' वापरलं आहे. पुढच्या बुधवारी प्रेक्षकांना पुन्हा आपलं नेहमीचं गाणं मिळालं.

नमस्कार.