सही कुठं करू ते नंतर, आधी वाचून दाखवा

नमस्कार. वाचनालयाच्या मंडळींनी मला विषय दिला होता, 'मातृत्व आणि सामाजिक कार्य'. विषय भारदस्त आहे, मी तो जरा खाली उतरवून घेते.

आमच्याकडे तान्हं लेकरू असलेली बाई मीटिंगला निघाली, की ओट्यावरची आजी हटकून विचारते, "काहून वो माय, लेकरू एवढंसं हाय अन् तू कुठी चालली?" त्यात काळजी असते, मी नाकारत नाही. पण मला जे म्हणायचं आहे ते याच्या उलट आहे. लेकरू झाल्यावर मी राजकारणाकडे गेले नाही, राजकारणच माझ्या चुलीपर्यंत आलं.

अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही पक्के मोर्चेवाले. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आलं की निघालो. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, मॉरिस कॉलेजच्या चौकात पोलीस अडवणार, शिष्टमंडळ आत जाणार, बाकीचे रस्त्यावर मुरमुरे खात बसणार. १९५३ च्या नागपूर कराराचे, म्हणजे विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या कराराचे, मुद्दे आम्हाला पाठ होते. आपापल्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल मात्र आमच्यातल्या कुणी पाहिला नव्हता. मग लग्न झालं, वावर आलं, आणि ते सगळं मागं पडलं. कुणी अडवलं नाही हो, जीवच राहिला नव्हता त्यात.

आता पाण्याचं सांगते. आशाताई बजावून जाते, सहा महिने आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नको. त्यामुळं सहा महिने विचारच करावा लागत नाही. उष्टावण झालं, वाटी-चमचा आला, की पहिल्यांदा प्रश्न पडतो, कोणतं पाणी द्यायचं? मी गंजात पाणी उकळत ठेवलं, गाळलं, आणि तळाशी पाहिलं तर पांढरा थर. नखानं खरवडला तर भुकटी निघाली. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट वाढतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा आपला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं असलेला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. ती सवलत आमच्या वाट्याला कायमची आली.

उपाय कुणाला ठाऊक नाही असंही नाही. गोडं पाणी धरणातून आणायचं. वान धरणावर ८४ खेड्यांची योजना झाली, काटेपूर्णेवर ६४ खेड्यांची. प्रश्न असतो तो शेवटच्या गावाचा, नळ कधी येईल याचा. आणि इथंच कॅन येतो. वीस लिटरचा, आरओचा, म्हणजे यंत्रानं क्षार काढलेल्या पाण्याचा. ज्याला परवडतं तो कॅन लावतो आणि त्या दिवसापासून पाण्याबद्दल बोलणं बंद करतो. गावात आवाज कुणाचा चालतो? ज्याला कॅन परवडतो त्याचाच. म्हणजे ज्याचं ऐकलं गेलं असतं, तोच रांगेतून बाहेर. मागं उरते ती मजुरीवाली, हापशावर. मी स्वतः कॅन घेते, लेकरासाठी आजही घेते. पण कॅन घेऊनही गप्प बसायचं नाही, एवढं मी ठरवलं.

ठरवलं कधी, तेही सांगते. एका सकाळी रजिस्टर घरी आलं. लेकरू मांडीवर, तेलाचे हात. आणणारा म्हणाला, "ताई, महिला सभेचं हाय, इथं एक सही करा." मी म्हटलं, सभा कधी झाली? तो म्हणाला, "झाली समजा." वरचं पान उलटलं तर ठरावाची जागा कोरी, खाली तेवीस सह्या. माझ्या सासूचा अंगठाही त्यात. त्या बिचाऱ्या माणसावर माझा राग नाही, त्याला पाठवलेलं होतं. मी म्हटलं, सही करते, आधी ठराव वाचून दाखवा. तो रजिस्टर मिटून गेला.

कायदा काही मुका नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं ग्रामपंचायत अधिनियमात स्पष्ट आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवली, तर निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई येणार कशी? म्हणून आम्ही गावातल्या बायांनी गट करून पहिली मागणी पाण्याची केलीच नाही. सभा बाजाराच्या दिवशी घ्या, मजुरीला सुट्टी असते तेव्हा, ही पहिली मागणी. लेकरं घेऊन येऊ, ती रडतील, तरी सभा चालेल, ही दुसरी. यावर हसले काही जण.

त्यांना मी एक आठवण दिली. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, बाबासाहेब आले होते. अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या. त्यांनी कामगार स्त्रियांना हक्काची रजा मागितली, निवडून येण्याच्या जागांत वाटा मागितला. त्या काय लेकरं पाळणाघरात ठेवून आल्या असतील?

एक सांगते, रागावू नका. "मी हे माझ्या लेकरासाठी करते" असं स्टेजवरून म्हणणं मला आवडत नाही. टाळ्या पडतात, पण आमच्या गटात सगळ्यात चिवट बाई आहे तिला मूलबाळ नाही. हापशावर तिचा हंडाही तेवढाच भरायचा असतो. आणि माझा नवरा सभेच्या वेळी लेकरू सांभाळतो, तर लोक त्याचं कौतुक करतात. माझं कौतुक कुणी करत नाही, दोघंही तेच लेकरू सांभाळतो.

आता सध्याची स्थिती. सभा बाजाराच्या दिवशी झाली. दोन ठराव लिहिले गेले: प्रत्येक स्रोताची तपासणी करून अहवाल फळ्यावर लावायचा, आणि नळाचा दिवस व वेळ आधी जाहीर करायची. अहवाल लागला, आकडे वाईट आहेत. नळाची वेळ अजून जाहीर झालेली नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आमची पुन्हा बैठक आहे, तिथं आधी मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावणार आहोत. तुमच्या गावात रजिस्टर घरी येत असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. अर्ज कसा लिहायचा ते बसून लिहूनच टाकू, कागद मी आणलेत.