चाक आणि तारा: माणकातली नक्षी

माणिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लालभडक, पारदर्शक, पैलू पाडलेला खडा येतो, आणि तो जितका स्वच्छ तितका भारी हे सगळ्यांना माहितीये. आज मला त्याच्या उलटं बोलायचंय, म्हणजे ज्या माणकांची किंमत त्यांच्या आतल्या 'घाणी'मुळे होते त्यांच्याबद्दल. घाण हा माझा शब्द, लॅबवाले इन्क्लूजन म्हणतात.

आधी पडद्यावरचा हा पहिला फोटो बघा. मधे एक षट्कोन, त्यातून निघालेले सहा काळपट-पिवळट आरे आणि आऱ्यांच्या मधे लाल माणिक, अगदी गाडीच्या चाकासारखं. कोणी रंगवलेलं नाहीये हे, जमिनीतून असंच निघालंय. याला ट्रापिचे रूबी म्हणतात. ट्रापिचे हा स्पॅनिश शब्द, त्याचा अर्थ उसाचा चरक, त्या चरकाच्या दातेरी चाकावरून हे नाव पडलं, पण पडलं ते माणकाला नाही तर कोलंबियातल्या पाचूला, त्याचं वर्णन 1879 सालीच झालं होतं. माणकातलं चाक मात्र जगासमोर आलं थेट 1990 नंतर, म्यानमारमधल्या मोंग शू भागातल्या माणकांसोबत, आणि एवढी हजारो वर्षं लोक माणिक वापरतायत तरी हे आत्ता कळावं याची मला अजून गंमत वाटते.

आता चाक बनतं कसं? माणिक म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, त्यात किंचित क्रोमियम शिरलं की लाल. मोंग शूचा हा कुरुंद संगमरवरात वाढला. बहुतेक अभ्यासक मानतात ते असं की स्फटिक सुरुवातीला घाईघाईत वाढला, मग ठरावीक दिशांनी फांद्या पुढे पळाल्या, बाकीचा भाग मागे राहिला, नंतर वेग कमी झाला तेव्हा मधल्या जागा लाल कुरुंदाने सावकाश भरल्या, आणि जिथे हे भाग एकमेकांना भिडले त्या सांध्यांत आजूबाजूच्या संगमरवरातली कॅल्साइट, डोलोमाइट ही खनिजं अडकून बसली. म्हणजे ते आरे बऱ्याच अंशी माणिक नाहीतच, ती माणकाच्या तुकड्यांमधली भर आहे! काही खड्यांत मधला षट्कोन लाल असतो, काहींत काळा, काहींत तो नसतोच आणि सहाही आरे थेट एका बिंदूत मिळतात. आणि हे सगळं दिसायला स्फटिक बरोबर आडवा कापावा लागतो, काकडीच्या चकतीसारखा, उभा कापलात तर चाक गेलंच समजा. शिवाय खडे बहुतेक चिमुकले असतात, काही मिलिमीटरचे, त्यामुळे कापणाऱ्याला चुकायला जागाच नाही.

दुसरा प्रकार तुम्ही ऐकला असेल, स्टार रूबी. यातही सहा किरणं, म्हणून लोक दोन्हींना एकाच माळेत ओवतात, पण गोष्ट पूर्ण वेगळी आहे. इथे आत रुटाइल नावाच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया असतात, तीन दिशांना, एकमेकींशी 60 अंशात. रेशमी धाग्याचं रीळ उजेडात धरा, धाग्यांना आडवी एक चमकती रेघ दिसते ना, तसंच, फक्त इथे तीन दिशांचे धागे, म्हणून तीन रेघा, त्या मधोमध छेदतात आणि सहा किरणांचा तारा तयार होतो. व्यापारी या सुयांना सिल्कच म्हणतात. यासाठी खडा पैलूदार नाही, घुमटासारखा गोल घासतात, आणि घुमटाचं टोक जरा सरकलं की तारा वाकडा बसतो.

सिल्कची एक अडचण आहे. माणकाचा रंग सुधारायला ते भट्टीत तापवतात, फार वरच्या तापमानाला या सुया विरघळतात आणि तारा गायब. उलट टायटॅनियम घातलेलं कृत्रिम माणिक ठरावीक तापमानाला बराच वेळ ठेवलं की आत सुया तयार होतात, 1947 पासून अमेरिकेत लिंडे कंपनीने असे तारे विकले. त्यामुळे फारच रेखीव, फारच झगझगीत तारा दिसला की मला तरी आधी शंकाच येते.

प्रसिद्ध तारे दोन. रॉसर रीव्हज, श्रीलंकेचा, 138.7 कॅरट, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. आणि डीलाँग, बर्माचा, 100.32 कॅरट, न्यूयॉर्कच्या म्युझियममधला. तो 1964 साली चोरीला गेला, शेवटी 25,000 डॉलर मोजल्यावर फ्लोरिडातल्या एका टेलिफोन बूथमध्ये सापडला. चोराने काय विचार करून पळवला कोण जाणे, असा खडा विकणार कुणाला?

तिसरं नाव ऐकाल ते रेकॉर्ड कीपर, स्फटिकाच्या पृष्ठभागावरचे छोटे त्रिकोण. त्या वाढीच्या आणि झिजेच्या खुणा आहेत, नाव विक्रेत्यांनी दिलेलं, आणि खडा घासला की त्या जातात. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता या डबीत दोन खडे आहेत, ते फिरवतो. सोबत एक टॉर्च आहे, वरून धरा आणि हळूहळू हलवा. एकातली नक्षी जागची हलणार नाही, ती दगडातच बसलीये. दुसऱ्यातली टॉर्चबरोबर सरकेल, कारण तो तारा म्हणजे नुसता उजेड आहे. ट्यूबलाइटखाली मात्र तारा शोधू नका, पसरलेल्या उजेडात तो दिसतच नाही, सुरुवातीला मी असाच अर्धा तास एक खडा फिरवत बसलो होतो आणि शेवटी तो साधा म्हणून बाजूला ठेवला होता. हां, आणि डबी परत इकडेच येऊ द्या.