हाडांवरचा पट्टा

(दृश्य: चाचणीचा स्लेड, म्हणजे आसन बसवलेली घसरगाडी, रुळांवरून येतो. त्यावर डमी, म्हणजे माणसाच्या मापाचा पुतळा. जवळून. अतिमंद गती.)

ताशी ५० किलोमीटर. गाडीत बसलेल्याला हा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. कॅमेरा सेकंदाला हजार चौकटी टिपतोय म्हणून सगळं एवढं सावकाश दिसतंय. प्रत्यक्षात सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सारं आटोपलेलं असतं.

छातीकडे बघू नका, कंबरेकडे बघा. स्लेड थांबला, डमी अजून पुढेच निघालाय. सीटबेल्टचा आडवा पट्टा ताणला गेला आणि त्याने डमीला नेमकं कुठे पकडलं? पोटावर नाही. पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला लागतात त्या कंबरेच्या हाडांवर. वरचा तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावरून छातीच्या पिंजऱ्यावर उतरलाय. मानेला शिवलेला नाही, दंडावरून घसरलेला नाही. हाडं हा भार घेऊ शकतात. पोटात भार घेण्यासारखं काहीच नाही.

तोच स्लेड, तोच वेग. फक्त आडवा पट्टा चार बोटं वर, पोटावर.

(दृश्य: डमी पट्ट्याखालून पुढे सरकतो. निवेदन थांबते.)

पट्टा लावलेला होता. बसायला चुकलं होतं.

(दृश्य: जुने कृष्णधवल चित्रीकरण. वाळवंट, रूळ, रॉकेट स्लेड.)

माणसाचं शरीर किती झटका सोसू शकतं हे कुणी कागदावर काढलं नाही, अंगावर घेऊन पाहिलं. जॉन स्टॅप अमेरिकी हवाई दलात डॉक्टर होते. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर त्यांनी स्वतःला या रॉकेट स्लेडला बांधून घेतलं. वेग गेला ताशी ६३२ मैलांवर, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर, आणि १.४ सेकंदांत तो शून्यावर आला. पृथ्वीच्या ओढीच्या ४६ पटींहून जास्त झटका बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण ते जगले, आणि चांगले म्हातारे होईपर्यंत जगले. पट्ट्यांनी नीट आवळलेलं शरीर तोवर समजलं जात होतं त्याच्या कितीतरी पट झटका सोसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे ते मोटारींत पट्टे असावेत म्हणून भांडत राहिले. हवाई दलाची माणसं विमानांच्या अपघातांत मरतात तितकीच मोटारींच्या अपघातांतही मरतात, हे या डॉक्टरला खटकलं होतं.

(दृश्य: पांढऱ्या कोटातला अभियंता जुन्या गाडीत पट्टा लावून दाखवतो.)

दुसरा माणूसही विमानांकडूनच आला. निल्स बोलिन. स्वीडनच्या साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर त्यांनी काम केलं होतं. १९५८ मध्ये ते व्होल्वोमध्ये आले. मोटारींत तेव्हा पट्टे नव्हते असं नाही. नुसता कंबरेचा पट्टा होता. त्यात वरचं धड मोकळं सुटायचं. नुसता तिरका पट्टाही होता, आणि त्याचं बकल नेमकं पोटाशी यायचं. वैमानिक वाटेल तितके पट्टे लावून घेतो, बोलिन यांच्यापुढची अडचण वेगळी होती. गाडीत बसणाऱ्याला एक मिनिटही घालवायचं नसतं.

बोलिन यांच्या हाताकडे बघा. एकच पट्टा. खांद्यावरून ओढला, छातीवरून खाली आणला, कंबरेच्या बाजूला बकलमध्ये दाबला. एका हाताने, एका ओढीत. तीन ठिकाणी पकड, आणि दोन्ही भाग एकत्र येतात ते आसनाच्या बाजूला, खाली. पट्ट्याचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा, त्याचं टोक जमिनीकडे. हे टोक खाली ठेवणं हीच खरी करामत. ते वर पोटाशी आलं असतं तर झटक्यात आडवा पट्टा वर ओढला गेला असता. खाली आहे म्हणून तो हाडांवर बसून राहतो.

१९५९ मध्ये हा पट्टा व्होल्वोच्या गाड्यांत आला. पेटंट घेतलं, आणि ते इतर कंपन्यांना मोकळं करून दिलं. आज तुमच्या गाडीत, ती कुठल्याही कंपनीची असो, आहे तो याच आखणीचा पट्टा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये तो लावणं कायद्याने सक्तीचं केलं. मग बाकीचे देश मागोमाग आले.

(दृश्य: माग. शेकडो उभे धागे एका फणीतून जातात.)

पॉलिएस्टर. रुंदी साधारण पावणेपाच सेंटिमीटर. कडा मुद्दाम मऊ विणतात, मानेजवळ टोचल्या तर माणूस पट्टा काखेखाली घेतो म्हणून. रंगवून झाल्यावर कापड उष्णतेत ताणून बसवतात. किती ताण घेणार, किती लांबणार हे तिथेच ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे पट्टा किमान १४.७ किलोन्यूटन ताण घेऊन तुटता कामा नये. म्हणजे दीड टन वजन टांगल्याइतका. इतका कशाला? साठ किलोंचा माणूस, ताशी ५० चा वेग, आणि थांबायला साधारण अर्धा मीटर: गाडीचा चेपणारा पुढचा भाग, थोडा पट्ट्याचा ताण. तरीही सरासरी बाराशे किलोंच्या आसपास बळ लागतं. पट्टा नसेल तर अर्ध्या मीटरचे काही सेंटिमीटरच उरतात. गाडी थांबून झालेली असते, आणि माणूस डॅशबोर्डवर जाऊन थांबतो.

(दृश्य: टेबलावर खोललेलं, पट्टा गुंडाळून घेणारं रीळ. चिमट्याने पोलादी गोळी दाखवली जाते.)

ही एवढीशी गोळी. वाटाण्यापेक्षा फार मोठी नाही. एका उथळ वाटीत बसलेली असते. गाडीचा वेग एकदम कमी झाला की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची पट्टी उचलली जाते, पट्टीचा दात चाकात अडकतो, आणि रीळ जाम होतं. विजेची तार नाही, संगणक नाही.

म्हणूनच गाडीतून काढलेलं रीळ हातात तिरकं धरलं तर पट्टा बाहेर येत नाही. बघा. सरळ धरलं, पट्टा सुळकन आला. तिरकं केलं, खट्. खराब झालेलं नाही, त्याला वाटतंय गाडी उलटतेय. बारा अंशांपर्यंत कललं तर अडकू नये आणि सत्तावीस अंशांपलीकडे अडकलंच पाहिजे, असा नियमच आहे. दुसरी कळ पट्ट्याच्याच झटक्यावर चालते: हळू ओढा, येतो, हिसका द्या, अडकतो. गाडीत बसल्यावर हा हिसका अधूनमधून द्यायला काय हरकत आहे? चाचणीला एवढंच पुरतं.

(दृश्य: चाचणीच्या बाकावर ताणक यंत्र उडते. ठक् आवाज, धुराची रेघ, पट्टा आत खेचला जातो.)

नव्या गाड्यांत रिळामध्ये थोडीशी स्फोटक दारू भरलेली असते. सेन्सरने धडक ओळखली की ती पेटते. या नमुन्यात वायूच्या दाबाने धातूच्या गोळ्यांची रांग नळीतून सुटते आणि रीळ उलटं फिरवते. डमी पुढे निघायच्या आधीच पट्ट्यातली ढील संपलेली. पण ही ढील काही सेंटिमीटरांचीच हवी. जाड कोट घालून त्यावर पट्टा लावलात, पट्ट्याला चिमटा लावून तो सैल ठेवलात, किंवा पीळ पडलेला तसाच राहू दिलात, तर एवढ्याशा दारूने काय होणार? पीळ पडला की पाच सेंटिमीटर रुंदीचं बळ बोटभर जागेवर एकवटतं, ते वेगळंच.

(दृश्य: कापड आणि फोम काढलेली सीट. धातूचा तळ.)

आता आसन. फोम काढला की खाली हा पत्रा दिसतो. पुढची कड उचललेली आहे ना? ती मांड्यांना आराम मिळावा म्हणून नाही. धडकेत शरीर पट्ट्याखालून घसरू नये म्हणून हा चढ. त्यावर आपण काय करतो? मऊ जाड उशी ठेवतो, म्हणजे चढ बुजला. बाजूला एअरबॅगची शिवण असते, फुटून उघडण्यासाठी मुद्दाम ठेवलेली. वरून आपण घट्ट कव्हर चढवतो. गाडीत सगळ्यात जास्त हौस याच आसनावर केली जाते, आणि ती बहुतेक त्याच्या विरोधात जाते.

(दृश्य: चालक सीट मागे रेलवून बसतो. बाजूने दृश्य.)

हे बाजूनेच बघायला हवं. पाठ मागे रेलली, वरचा पट्टा छातीपासून सुटला, मधे हात जाईल एवढी पोकळी. आडवा पट्टा कंबरेवरून वर, पोटाकडे सरकला. सुरुवातीला दिसलेला तो घसरणारा डमी आठवतो का? तो याच कोनात बसवला होता.

(दृश्य: तोच चालक, सीट दुरुस्त करताना. हात टिपा.)

कंबर मागे, पाठीच्या टेकूला भिडलेली. टेकू जवळजवळ सरळ. पाय पेडलपर्यंत पूर्ण जातो, पण गुडघा किंचित वाकलेला. छातीचा मध्य आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर, कारण एअरबॅग झपाट्याने फुगते आणि फुगायला तिला जागा लागते. मग पट्टा. आडवा भाग आधी: हाताने खाली दाबून मांड्यांच्या मुळाशी, हाडांवर. नंतर वरचा भाग ओढून ढील काढायची. दाराच्या खांबावरचा खटका वरखाली करून पट्टा खांद्याच्या मध्यावर आणायचा. पोटुशी बाई असेल तरी हेच, फक्त आडवा पट्टा पोटाच्या खालून आणि तिरका पोटाच्या बाजूने, स्तनांच्या मधून.

हेडरेस्ट मान टेकवायला नाही. मागून धडक बसली की धड पुढे जातं आणि डोकं मागे राहतं, त्या फटक्यासाठी तो आहे. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला येईल अशी उचला, डोक्यापासून जेवढा जवळ तेवढा बरा. बहुतेक गाड्यांत तो कारखान्यातून येतो तसा तळाशीच दाबलेला दिसतो.

(दृश्य: मागच्या आसनावर पट्टा न लावलेला डमी. पुढे पट्टा लावलेला चालक-डमी.)

मागे बसलेल्यांना पट्टा कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे दृश्य पाहावं.

(दृश्य: धडक. निवेदन नाही. पाच सेकंद.)

पुढच्याने पट्टा लावला होता.

आणि या सगळ्यावर बाजारातला उपाय म्हणजे ही सुटी पत्री. पट्टा न लावता बकलमध्ये खुपसायची, म्हणजे गाडीचा टुंगटुंग आवाज बंद. ती बनवताना मात्र माप अगदी बिनचूक घेतलेलं असतं.

(दृश्य: तान्ह्या मुलाची सीट, पाठ गाडीच्या दिशेला. जवळून.)

मांडीवरचं मूल. दहा किलोंचं. ताशी ५० च्या धडकेत त्याला धरून ठेवायला दोनशे किलोंच्या घरात बळ लागेल. कुणाचेही हात असोत, ते सुटतात. आणि आपल्याच पट्ट्यात मुलाला घेतलं तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं.

तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. म्हणून तोंड मागे करून बसवायचं. धडकेचा भार पाठ, मान, डोकं सगळ्यांवर पसरतो. ही कल्पना स्वीडनचे बर्टिल आल्डमान यांची, १९६० च्या दशकातली. अंतराळवीर निघताना पाठीवर पडून तो दाब घेतात, त्यावरून त्यांना ती सुचली. आताच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तरी मागे तोंड करणंच सांगितलंय. त्याहून जास्त काळ बसवलं तर उत्तमच. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर ही सीट कधीही नाही. एअरबॅग फुगेल ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे.

(दृश्य: आसनाच्या फटीत हात जातो, दोन कड्या सापडतात.)

फटीत हात घातला की या दोन पोलादी कड्या लागतात. सहा मिलिमीटर जाडीच्या, मध्यापासून मध्यापर्यंत २८० मिलिमीटर अंतरावर. सगळ्या कंपन्यांनी हेच माप मान्य केलं, त्याला आयसोफिक्स म्हणतात. सीटचे दोन चिमटे इथे बसले की खट्‌ आवाज येतो आणि खूण हिरवी होते. वरचा बंद किंवा खालचा पाय असेल तर तोही लावायचा. त्याशिवाय सीट पुढे कलंडते. मुलाच्या पट्ट्याला खांद्यावर चिमटीत धरून पाहा. चिमटीत कापड आलं, तर सैल आहे.

मोठ्या मुलाला बूस्टर लागतो, आणि वयापेक्षा उंची महत्त्वाची. देशोदेशीचे नियम १३५ ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान आहेत. बूस्टर मुलाला उंच बसवतो म्हणजे नेमकं काय करतो? आडवा पट्टा पोटावरून मांड्यांवर उतरवतो. पुन्हा तेच.

(दृश्य: शेजारी ठेवलेले दोन दांडे. एक सरळ, एक पिळलेला.)

डावीकडचा नवा. उजवीकडचा, धडक खाल्लेल्या गाडीतल्या रिळातला. छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा दांडा पिळला जातो आणि थोडा पट्टा सुटू देतो, म्हणजे बरगड्या वाचतात. एकदा पिळला की संपला. बाहेरून पट्टा धड दिसतो, मागे गुंडाळलाही जातो. म्हणून मोठ्या धडकेनंतर पट्टा, रीळ, बकल सगळंच बदलतात. मुलांच्या सीटचंही तसंच. कुणाची वापरलेली सीट घ्यायची झाली तर ती कधी धडकेत होती का हे आधी विचारा, आणि उत्तर ठामपणे मिळालं नाही तर ती घेऊ नका.